पाण्याचा करार झाला, विद्येचा केव्हा?

२३ ऑगस्ट २०१६ रोजी महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी गोदावरी खोऱ्यातील आंतरराज्य प्रकल्पांविषयीच्या करारावर मुंबईत स्वाक्षऱ्या केल्या. मेडीगड्डा आणि तुम्मिडीहट्टी या नावांबरोबर त्यात एक नाव यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरचे होते : पैनगंगेवरील चनाखा-कोरटा बंधारा. चनाखा अलीकडच्या तीरावर, केळापूर तालुक्यात. कोरटा पलीकडच्या तीरावर, आदिलाबाद जिल्ह्यात. दीर्घकाळ रेंगाळलेला पाण्याचा प्रश्न सोडविण्यासाठी दोन राज्यांनी एका टेबलाशी बसावे, ही गोष्ट स्वागतार्हच होती. परंतु ज्या नदीचे पाणी इतक्या काटेकोरपणे मोजून वाटले जाते, तिच्या दोन्ही तीरांवरील माणसांसाठी दोन्हीकडच्या विद्यापीठांनीही एकत्र बसावयास हवे की नाही, हा प्रश्न त्या टेबलावर आला नाही. राज्यकर्त्यांच्या लेखी पाणी, वीज आणि रस्ता हे कराराचे विषय आहेत, ज्ञान नाही.

हा प्रश्न चैनीचा आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी सीमा नेमकी कोणाला आडवी येते याचा विचार करावा. ज्याच्याजवळ पैसा आहे, त्याचा मुलगा यवतमाळहून पुण्याला जातो, हैदराबादला जातो, प्रसंगी परदेशीही जातो. त्याच्यासाठी सीमा म्हणजे प्रवासातला एक फलक. कापसाच्या व्यापाऱ्यालाही ती कधी अडवू शकली नाही. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाल्यावर भाव आणि चुकारे यांच्या ओढीने कापसाच्या गाड्या पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या बाजारात जात राहिल्या, हे या जिल्ह्यातील शेतकऱ्यांना सांगावे लागत नाही. सीमा अडविते ती पाटणबोरीच्या शेतमजुराच्या मुलीला. महामार्गावरून तासाभरात आदिलाबादला पोचणारी ही मुलगी शिक्षणाच्या दप्तरी मात्र परमुलुखातली ठरते. स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला, जातवैधता यांची चळत घेऊन तिने दोन राज्यांच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावेत, अशी ही व्यवस्था आहे.

एक प्रदेश, चार विद्यापीठे

यवतमाळ जिल्हा १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. पैनगंगेपलीकडचा आदिलाबाद १९७६ च्या वारंगळच्या काकतीय विद्यापीठाकडे आहे. किनवट आणि माहूर हे तालुके १९९४ मध्ये निघालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे, तर पूर्वेचा चंद्रपूर जिल्हा २०११ च्या गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाकडे. कोलाम, गोंड आणि परधान यांची वस्ती असलेला, काळ्या जमिनीचा, कोरडवाहू कापसावर जगणारा हा एक सलग टापू चार विद्यापीठांत वाटला गेला आहे, आणि चारही विद्यापीठांची मुख्यालये त्याच्यापासून दूर आहेत. शेतीच्या ज्ञानाची वाटणी आणखी निराळी : अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ चे, परभणीचे १९७२ चे आणि तेलंगणासाठी हैदराबादचे २०१४ चे. ज्याच्या नकाशात पाहावे त्याच्या नकाशात हा टापू म्हणजे शेवटची कड. कडेकडे कोणाचे लक्ष असते?

बरे, ही सीमा अनादिकालापासून चालत आलेली आहे असेही नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली जाईपर्यंत पैनगंगेचे दोन्ही तीर निजामाच्याच अमलाखाली होते. आज नांदेड जिल्ह्यात असलेले किनवट आणि चंद्रपूर जिल्ह्यात असलेले राजुरा हे १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचे तालुके होते. राज्यपुनर्रचनेने त्यांना एका रात्रीत इकडचे केले. तेथील सोयरिकी, देवदैवते आणि बोली काही त्यामुळे बदलल्या नाहीत.

भाषावार प्रांतरचनेची मागणी न्याय्यच होती. लोकांचा कारभार आणि लोकांचे शिक्षण लोकांच्या भाषेत चालावे, यासाठी मराठी आणि तेलुगू भाषकांनी मोठे लढे दिले. पण या न्यायाचा हिशेब पुरा मांडला तर असे दिसते, की मराठी आणि तेलुगू भाषकांना राज्ये मिळाली आणि गोंडी-कोलामी भाषकांच्या वाट्याला सीमा आली. ज्या तत्त्वाने मुंबई आणि हैदराबाद यांचे भवितव्य ठरले, ते तत्त्व झरी-जामणीच्या पोडापर्यंत आणि उटनूरच्या गुड्यापर्यंत पोचलेच नाही.

अर्धी भाषा इकडे, अर्धी तिकडे

२०११ च्या जनगणनेनुसार गोंडी ही मातृभाषा सांगणारे देशात सुमारे २९ लाख आहेत, आणि कोलामी सांगणारे सव्वा लाखाच्या आसपास. कोलाम समाज महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन्ही राज्यांत विशेष असुरक्षित आदिम समूह म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे त्यांची अवस्था बिकट आहे, एवढे दोन्ही सरकारांना मान्य आहे. पण भाषेचे काय? कोलामीचे एक व्याकरण १९५० मध्ये हैदराबादेत प्रसिद्ध झाले. ते लिहिणारे होते निजामी राज्याच्या सेवेत काम केलेले सेतुमाधवराव पगडी, ज्यांना मराठी वाचक इतिहासकार म्हणून ओळखतात. त्यांचा आधार आदिलाबादकडची बोली. पाच वर्षांनी, १९५५ मध्ये, मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाचे कोलामीवरील पुस्तक कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापले. त्याचा मुख्य आधार वर्ध्याकडची बोली. एका सरकारी अधिकाऱ्याने फावल्या वेळात आणि एका परदेशी अभ्यासकाने सातासमुद्रापलीकडून येऊन या भाषेचे दोन अर्धे टिपून ठेवले. ते जोडण्याचे काम कोणाचे होते? कोलामांच्या उंबरठ्यावर असलेल्या विद्यापीठांचेच. सत्तर वर्षे उलटून गेल्यावरही दोन्ही तीरांचा सामायिक कोश शाळेच्या फळ्यापाशी पोचलेला नाही, ही त्यांच्या कर्तव्याची थकबाकी आहे.

गोंडीची कथाही वेगळी नाही. ती महाराष्ट्रात देवनागरीत लिहिली जाते, तेलंगणात तेलुगू लिपीत. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते सापडली, हैदराबादच्या अभ्यासकांनी त्यांवर परिश्रम घेतले आणि २०१८ मध्ये त्या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. हे मोठेच काम झाले. परंतु केळापूरच्या गोंड मुलाच्या हाती त्यातले काय पडले? आदिलाबादला छापलेले गोंडी पुस्तक लिपीमुळे त्याला वाचता येत नाही आणि नागपूरला छापलेले पुस्तक त्याच्या मामेभावाला वाचता येत नाही. एकाच आजीने दोघांना सांगितलेली गोष्ट दोघांनी दोन परक्या लिपींतून शिकावी, याला शिक्षण म्हणावयाचे काय?

लोकांनी आपले आंतरराज्य व्यासपीठ केव्हाच उभारले आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूरच्या नागोबा जत्रेला मेस्राम कुळाचे गोंड महाराष्ट्रातूनही जातात. १९४० मध्ये कोमराम भीमाच्या उठावाचा शेवट रक्तपातात झाला. त्यानंतर निजामाच्या सरकारने ज्या हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला आदिवासींच्या असंतोषाची कारणे शोधण्यास पाठविले, त्याच्या प्रयत्नाने या जत्रेत तक्रारी ऐकण्याचा दरबार सुरू झाला. एका राजेशाहीला जे सुचले ते प्रजासत्ताकाच्या विद्यापीठांना सुचू नये काय? हजारो माणसे दरवर्षी सीमा ओलांडून एकत्र येतात. त्यांच्या आरोग्याचा, जमिनीचा आणि भाषेचा अभ्यास करणारे मात्र आपापल्या कार्यक्षेत्राची कलमे धरून बसतात.

अळीला अधिकारक्षेत्र ठाऊक नाही

ज्यांना भाषेचा प्रश्न हळवा वाटतो, त्यांच्यासाठी कापसाचे उदाहरण घेऊ. बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळीने या वाणांना दाद देणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात हाहाकार उडाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. मरणारे बहुतांशी गरीब होते, आणि अनेक जण दुसऱ्याच्या शेतात मजुरीने फवारणी करणारे होते.

या अळीवर उपाय काय, हे शास्त्राला ठाऊक आहे. हंगाम वेळेत संपवावा, फरदड घेऊ नये, पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नये, कामगंध सापळे लावून पतंगांची मोजदाद ठेवावी. पण हे उपाय एकट्याने करावयाचे नव्हेत. एका तीरावर फरदड उभी राहिली तर दुसऱ्या तीरावरच्या शिस्तीचे चीज होत नाही. अळीचा पतंग पैनगंगा ओलांडताना परवाना मागत नाही. 'चोर बीटी' या नावाने गावोगाव ओळखले जाणारे बेकायदा बियाणेही राज्यांच्या सीमांना जुमानत नाही. आंध्र प्रदेशाने २००७ मध्ये कापूस बियाण्यांचा कायदा केला, महाराष्ट्राने २००९ मध्ये आपला केला. कायदे दोन, खाती दोन, शिफारशींची पत्रके दोन भाषांत. अळी मात्र एकच. दोन्हीकडच्या कृषी विद्यापीठांनी पिंपळखुटी-पाटणबोरीच्या पट्ट्यात एकच सर्वेक्षण, एकच वेळापत्रक आणि दोन भाषांत एकच सल्ला दिला, तर त्याला कोट्यवधींचा निधी लागणार नाही. लागेल ती परस्परांची वही उघडून पाहण्याची तयारी.

अशी तयारी दाखविली की काय घडते, याचे उदाहरणही याच भूमीत आहे. तेलंगणातील नलगोंडा भागात भूजलातील फ्लोराइडने पिढ्या वाकविल्या. तुरटी आणि चुना वापरून ते पाणी शुद्ध करण्याची स्वस्त पद्धत १९७० च्या दशकात विकसित केली ती नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, आणि जगभर ती 'नलगोंडा पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. विदर्भातल्या प्रयोगशाळेने शोधलेल्या उपायाला तेलंगणातल्या गावाचे नाव मिळाले, याने कोणाची अस्मिता बुडाली? आज फ्लोराइडचे तेच संकट यवतमाळच्या केळापूर आणि झरी-जामणी भागांतील विहिरींत आहे. नलगोंड्याचा अर्धशतकाचा अनुभव, त्यातल्या यशापयशासह, येथवर आणण्याचे काम कोणत्या अभ्यासमंडळाच्या विषयपत्रिकेवर आहे?

राइनकाठचा धडा

सहकार्याची गोष्ट काढली की 'हे व्यवहारात जमणारे नाही' असे सांगणारे तज्ज्ञ पुढे सरसावतात. त्यांनी युरोपातील राइन नदीच्या वरच्या खोऱ्याकडे पाहावे. १८७० ते १९४५ या पाऊणशे वर्षांत जर्मनी आणि फ्रान्स तीन युद्धे लढले. स्ट्रासबुर्ग शहर १८७१, १९१८, १९४० आणि १९४४ असे चार वेळा या हातातून त्या हातात गेले, आणि प्रत्येक वेळी तेथील विद्यापीठाची भाषा व निष्ठा तपासल्या गेल्या. त्याच खोऱ्यातील फ्रायबुर्ग, कार्ल्सरूहे, स्ट्रासबुर्ग, म्युलूझ आणि बाझल येथील पाच विद्यापीठे १९८९ मध्ये एकत्र आली. देश तीन, भाषा दोन; त्यांपैकी स्वित्झर्लंड तर युरोपीय संघाचा सभासदही नाही. या विद्यापीठांपैकी एकात नाव असलेल्या विद्यार्थ्याला उरलेल्या चारांत जादा शुल्क न भरता शिकता येते. २०१५ च्या अखेरीस या संघाला स्वतंत्र कायदेशीर रूपही मिळाले. ओडर नदीवर जर्मनीतल्या फ्रांकफुर्टच्या विद्यापीठाने आणि पोलंडमधील पोझनानच्या विद्यापीठाने पलीकडच्या तीरावर, स्लुबित्से गावी, सामायिक संस्था चालविली आहे. तेथील रक्तरंजित इतिहासाशी तुलना केली तर महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यात भांडण असे आहेच कुठे?

युरोप श्रीमंत आहे, हे खरे. परंतु शेजारच्या विद्यापीठाचे श्रेयांक मान्य करावयास श्रीमंती लागत नाही. शिवाय कायद्याची सबबही आता उरलेली नाही. विद्यार्थ्याचे श्रेयांक एका संस्थेतून दुसरीत नेण्यासाठी २०२१ पासून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स ही देशव्यापी योजना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांबरोबर सामायिक आणि दुहेरी पदव्या देण्याचे नियम केले; २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा काढण्याचे दार उघडले. जी तत्परता सातासमुद्रापलीकडच्या पाहुण्यांसाठी दाखविली गेली, तिचा अंश तरी नदीपलीकडच्या शेजाऱ्यासाठी दाखविता आला असता. परंतु परदेशी पाहुणा शुल्क घेऊन येतो आणि कोलामाची मुलगी शुल्कमाफीचा अर्ज घेऊन येते. खरी अडचण येथे आहे, आणि ती वर्गीय अडचण आहे.

आक्षेपांचा समाचार

पहिला आक्षेप आरक्षणाचा. अनुसूचित जमातीचा दर्जा त्या त्या राज्यापुरता असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले. ते प्रकरणही आंध्रातून मुंबईत आलेल्या एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाचेच होते. या निर्णयामागे कारण आहे. बाहेरच्यांनी येऊन स्थानिक वंचितांच्या जागा घेऊ नयेत, ही काळजी रास्तच म्हणावी लागेल. परंतु कोलाम, गोंड आणि परधान दोन्ही राज्यांच्या यादीत आहेत. त्यांच्यासाठी मूळ जागांना धक्का न लावता, परस्परसंमतीने थोड्या वाढीव जागा ठेवण्यास दोन राज्यांना कोण अडविते?

बंजारा समाजाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्यानंतर तेलंगण भागातील बंजारा अनुसूचित जमातींत गणले गेले; पैनगंगेच्या अलीकडे पुसद, दिग्रस, दारव्हा भागातील त्यांचेच भाऊबंद विमुक्त जातींत राहिले. इकडे मागणीचे मोर्चे निघतात, तिकडे गोंड आणि लंबाडा यांच्यात तेढ वाढते, आणि दोन्हीकडचे पुढारी दोन्ही आगींवर आपली पोळी भाजून घेतात. दोन्ही राज्यांतील जमीन, शिक्षण आणि स्थलांतर यांचा पुरावा एकत्र मांडणारा, दोन्हीकडच्या विद्यापीठांनी मिळून केलेला अभ्यास समोर आला, तर निदान भाषणबाजीला वस्तुस्थितीचा लगाम बसेल. तो अभ्यास कोणाला नको आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरा आक्षेप असा, की सामंजस्य करार तर रोजच होतात. होतात खरे. कुलगुरू स्वाक्षऱ्या करतात, शाली दिल्या जातात, छायाचित्र छापून येते आणि फाईल कपाटात जाते. ज्या करारात विद्यार्थ्यांची संख्या, निधीची रक्कम आणि उत्तरदायी माणसाचे पद लिहिलेले नसते, तो करार नव्हे. तो सत्कारसमारंभ होय. तिसरा आक्षेप भाषेचा : मराठी मुले तेलुगू माध्यमात कशी शिकणार? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी पाटणबोरीच्या बाजारात एक सकाळ घालवावी. तेथे भाजी विकणारी बाई दोन भाषांत भाव करते आणि तिसरीत आपल्या मुलाला हाक मारते. अडाणी ठरविलेल्या माणसांना जे सहज जमते ते प्राध्यापकांना जमणार नाही, असे मानणे हा प्राध्यापकांचाच अपमान आहे.

मागणी काय?

मागण्या अवाढव्य नाहीत. अमरावती, नांदेड, गडचिरोली आणि वारंगळ या चार विद्यापीठांनी मिळून सीमाप्रदेशासाठी एक सामायिक अभ्यासकेंद्र काढावे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालये असलेली पांढरकवडा आणि उटनूर ही दोन गावे त्याची आळीपाळीची ठिकाणे असावीत. चौघांपैकी कोणत्याही विद्यापीठाचा विद्यार्थी इतर तिघांत जादा शुल्काविना निदान एक सत्र शिकू शकावा, आणि त्याची शिष्यवृत्ती व वसतिगृहाचा हक्क त्याच्याबरोबर नदी ओलांडून जावा. कोलामी आणि गोंडीचे कोश व पाठ्यपुस्तके दोन्ही लिपींत एकाच वेळी निघावीत, आणि ती तयार करण्यात त्या भाषा बोलणारी माणसे मानधन घेणारी सहकारी असावीत. माहिती पुरवून विसरली जाणारी निवेदक नव्हेत. अकोला, परभणी आणि हैदराबाद येथील कृषी विद्यापीठांनी बोंडअळी, बियाणे आणि फवारणीची विषबाधा यांची एक सामायिक नोंदवही ठेवून ती दरवर्षी प्रसिद्ध करावी. आणि निम्न पैनगंगा प्रकल्पासारख्या ज्या योजनांत यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील गावांच्या डोक्यावर बुडिताची टांगती तलवार आहे, त्यांच्या लाभहानीचा अभ्यास या केंद्राने बुडणाऱ्यांच्या बाजूनेही करावा.

चंद्रपूरच्या जिवती तालुक्यालगतच्या ज्या गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात, तेथे दोन सरकारांच्या दोन शाळा चालतात. जमिनीवर आणि मतांवर हक्क सांगण्यासाठी दोन राज्ये एकाच गावात दोन शाळा काढू शकतात. मग चार विद्यापीठे मिळून एक केंद्र का काढू शकत नाहीत? यात मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहण्यासारखे काही नाही. विद्यापीठांना स्वायत्तता आहे, असे कुलगुरू प्रत्येक पदवीदान समारंभात सांगतात. तिचा एक तरी उपयोग सीमेवरच्या माणसांसाठी करून दाखवावा. चारही अधिसभांच्या सदस्यांनी येत्या बैठकीत हा ठराव मांडावा आणि चारही कुलगुरूंनी पांढरकवड्यात एकत्र बसावे. त्यांना तसे करण्यापासून कोणी अडविलेले नाही. अडविले असेल, तर त्याचे नाव त्यांनी लोकांसमोर जाहीर करावे.